'रडूबाई सुभद्रा' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

'एक रसिक' अशा नावाने 'संगीत सौभद्र' नाटकातल्या सुभद्रेवरच्या माझ्या लेखाखाली काल प्रतिक्रिया आलीय. म्हटलं जाऊ दे, पण नाही जात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सुभद्रा अख्खं नाटक अर्जुनासाठी रडत बसते आणि त्याला मी एकनिष्ठ प्रेम म्हणते हा भाबडेपणा. अर्जुनाच्या घरी द्रौपदी, वाटेत उलूपी नि चित्रांगदा, मग त्याच्या निष्ठेचं काय. आणि नाटक फार लांबतं.

मतभेद असू देत हो, माझी काही ना नाही. पण 'नाटक बघितलंय की यूट्यूबवर पदं ऐकून लिहिलंत???' हे कशाला? तीन-तीन प्रश्नचिन्हं लावून? गुहागरकडच्या बाईला सौभद्र बघितलंय का विचारायचं म्हणजे कोळणीला बांगडा ओळखता येतो का विचारण्यासारखं झालं. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात मांडवात रात्र-रात्र नाटकं चालतात, लहानपणी मी पेटीवाल्याच्या मागे चटईवर झोपलेय, पुढे सुभद्रेच्या सखीचं, कुसुमावतीचं काम केलंय, विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगही केलंय. असो.

लांबतं हे मान्य. वन्समोअर सुरू झाले की पहाट होते, आणि त्या वेळी पाय अवघडतात हे मीही नाकारत नाही.

आता ते 'रडत बसते'. 'वद जाऊ कुणाला शरण' हे तिचं पद नीट ऐकलंत का? त्यात ती काय सांगते, तर आप्त झाले, बांधव झाले, सगळ्यांना मनातलं दुःख सांगून विनवून झालं, काही उपयोग झाला नाही. म्हणजे ही बाई आधी प्रत्येकाच्या दारात जाऊन आलीय आणि मग रडतेय, हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर कठीण आहे. आणि महाभारतात बघा, आदिपर्वात कृष्ण अर्जुनाला चक्क सांगतो की स्वयंवराचा भरवसा नाही, मुलीच्या मनाचं काही सांगता येत नाही, तू सरळ पळवून ने. सुभद्रेला विचारतंय कोण! १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी तिला मन दिलं, तोंड दिलं, आणि सुभद्रेचं काम करणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यातून ते लोकांपर्यंत गेलं. बलरामाने दुर्योधनाला शब्द दिलेला, कृष्ण काय खेळतोय ते तिला माहीत नाही, अर्जुन यतीच्या वेषात समोर येतो, बलरामच त्याला मानाने आणून हिला त्याच्या सेवेला लावतो, आपल्याला सगळं ठाऊक म्हणून आपण हसतोय आणि तिला मात्र कशाचीच खात्री नाही, तरी मन हलत नाही. कॉमेडी आपल्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही. निष्ठा म्हणजे मग अजून काय हवं होतं तुम्हाला, तलवार?

माझ्या आत्याचं सांगते तुम्हाला. भावांनी तिचं लग्न बागायतदाराकडे ठरवत आणलेलं, तिचा जीव मुंबईत गिरणीत लागलेल्या शेजारच्या मुलावर. मे महिना, मागच्या पडवीत कोकमाचे रातांबे फोडत बसलेली, हात कोपरापर्यंत लाल, आणि माझे बाबा समोर उभे राहून समजावतायत. ती मान वर न करता म्हणाली, "दादा, तुम्ही शब्द दिलात, तुम्ही जा तिकडे नांदायला." आणि पुढचा रातांबा घेतला. रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, आजीने ऐकलंय. पण बागायतदाराला नकार गेला तो गेलाच. तेव्हा रडणारी बाई दुबळी असते हे कृपा करून मला शिकवू नका, त्याच घरात मी वाढलेय.

अर्जुनाच्या बाकीच्या बायकांचं म्हणाल तर त्या महाभारतातल्या, भांडायचं असेल तर व्यासांशी भांडा. माझा लेख सुभद्रेवर होता, शीर्षकातच तसं लिहिलेलं. पुरुषाने चार ठिकाणी जीव लावायचा आणि बाईने एकाच ठिकाणी, हा तुमचा टोमणा चांगला आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लेख तुम्ही लिहा, मी वाचेन.

शुद्धलेखनाच्या चुका काढल्यात त्या बघते सवडीने.

आणि हो, मला 'काकू' म्हणायचं काम नाही. आपली ओळख नाही.