‘विद्यादान’ आणि तासाचे ९०० रुपये : एका प्रतिक्रियेला उत्तर

संस्थेतली तासिका सोडून स्वतःचे विद्यार्थी घेऊ पाहणाऱ्या जर्मनच्या शिक्षकांसाठी मागच्या आठवड्यात एक लेख लिहिला होता. फी कशी ठरवायची, नियम कोणते ठेवायचे, पुढे कोणत्या दिशेने वाढायचं, असा तो सरळ कामाचा लेख होता. त्यावर पुण्यातल्या, शिकवणी-संस्थेशी संबंधित एका वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली. तिची सुरुवात अशी : “ताई, जरा जमिनीवर या. घरगुती शिकवणीला करिअर म्हणू नका. भाषा शिकवणं हे विद्यादान आहे, बी१ साठी तासाला ९०० रुपये मागणं शोभत नाही. आमच्याकडे ३५० रुपये तासाने उत्तम शिक्षिका मिळतात.” (जर्मनच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात.) त्यापुढे आणखी चार आक्षेप आहेत : जीएसटीची मर्यादा मी चुकीची दिली, स्वतः बी२ झालेली मुलं बी१ शिकवतात त्यांना मी बळ देते, स्वतंत्र कामात दर महिन्याच्या मिळकतीचा भरवसा नसतो हे मी दडवलं, आणि आता मोबाइलवर सगळं फुकट शिकता येतं.

आधी चूक मान्य करते. जीएसटी नोंदणीची ४० लाखांची मर्यादा मालाच्या विक्रीसाठी आहे. शिकवणं ही सेवा, आणि महाराष्ट्रात सेवेसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा २० लाख आहे. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

आता ‘जमिनीवर या’. आपली ओळख नाही, आपण कधी भेटलेलो नाही. मी २००९ पासून जर्मन शिकवते आहे, त्यातली पहिली ८ वर्षं संस्थांच्या तासांवर. अनोळखी बाईला ‘ताई’ म्हणून लगेच पुढच्या शब्दात तिची जागा दाखवायची, ही पद्धत मला मान्य नाही. शिकवणारा पुरुष असता तर तुम्ही ‘घरगुती शिकवणी’ हा शब्द वापरला असता का, एवढं स्वतःला विचारून पाहा. डॉक्टर घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना चालवतात, सीए घरातून रिटर्न भरतात. त्याला कुणी घरगुती वैद्यकी म्हणत नाही.

आणि ‘विद्यादान’. हा शब्द मला फार जवळचा आहे, म्हणूनच तो असा वापरलेला सहन होत नाही. दान देणारा ठरवतो की काय द्यायचं, किती द्यायचं आणि कुणाला द्यायचं. तुमच्या वाक्यात दान शिक्षिकेने करायचं आणि विद्यार्थ्याकडून पूर्ण फी संस्थेने घ्यायची, असा हिशेब आहे. संस्थेचं भाडं, वीज, जाहिरात यांना खर्च येतो हे मला कळतं. मग शिक्षिकेच्या वेळेलाच खर्च का नाही?

तो वेळ कुठे जातो ते पाहू. ग्योथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या बी१ लेखी परीक्षेत ६० मिनिटांत ३ मजकूर लिहायचे असतात : मित्राला सुमारे ८० शब्दांची मेल, एखाद्या विषयावर सुमारे ८० शब्दांचं मत, आणि सुमारे ४० शब्दांची औपचारिक मेल. म्हणजे एका विद्यार्थ्याचा एक संच २०० शब्दांचा. तो चार बाजूंनी तपासावा लागतो : दिलेले मुद्दे सगळे आले का, वाक्यं एकमेकांना जोडली आहेत का, शब्दसंपदा त्या पातळीची आहे का, आणि रचना बरोबर आहे का. मेलमध्ये दिलेल्या ३ मुद्द्यांतला एक सुटला, तर बाकीचं जर्मन कितीही शुद्ध असो, गुण जातात. म्हणून पहिल्या वाचनात मी चुकांकडे बघतच नाही, फक्त मुद्दे मोजते. दुसऱ्या वाचनात चुका. ‘मॉर्गन इश फारे नाख मुंबई’ (उद्या मी मुंबईला जातो) असं वाक्य दिसलं की त्यावर बरोबर वाक्य लिहून द्यायचं नाही. समासात ‘क्रि.’ एवढंच लिहायचं. क्रियापद दुसऱ्या जागी हवं, ‘मॉर्गन फारे इश’, हे त्याने स्वतः शोधून पुन्हा लिहायचं. आयतं उत्तर दिलं तर तीच चूक पुढच्या आठवड्यात परत येते.

या तपासणीला एका संचामागे २० मिनिटं लागतात. तासाची तयारी ३० मिनिटं. निरोप, वेळा बदलणं, आवाजाच्या फाइली ऐकणं, यात १० मिनिटं. म्हणजे शिकवण्याच्या एका तासामागे कामाचे दोन तास, आणि ९०० रुपयांचे झाले तासाला ४५०.

वर्षाचं गणितही मांडते, कारण ‘शोभत नाही’ या दोन शब्दांना उत्तर आकड्यांतच देता येतं. आठवड्याला १८ तास शिकवलं तर काम ३६ तासांचं. गणपती, दिवाळी, परीक्षांनंतरची मरगळ, स्वतःचं आजारपण धरून वर्षाचे ५२ नाही, ४२ आठवडे मोजा. झाले ७५६ तास. त्यातले १० टक्के रद्द होतात, उरले सुमारे ६८०. ९०० ने गुणलं की साधारण ६ लाख १२ हजार. यातून इंटरनेटच्या दोन जोडण्या, मीटिंगचं सशुल्क खातं, दर ४ वर्षांनी लॅपटॉप, पुस्तकं, आरोग्य विमा आणि स्वतःच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च वजा करा. हा खर्च मी वर्षाला ९० हजार धरते. उरतात महिन्याला सुमारे ४३,५००. त्यात पीएफ नाही, पगारी रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. आता हेच ६८० तास ३५० ने गुणा : महिन्याला सुमारे १९,८००. तपासणी तेवढीच, तीही बिनपैशांची. ‘उत्तम शिक्षिका मिळतात’ असं तुम्ही लिहिलंत. त्या किती वर्षं टिकतात, ते लिहिलं नाहीत.

शिवाय या ९०० रुपयांत विद्यार्थ्याला काय मिळतं, तेही बघा. ‘मला हे पुस्तक आवडतं’ याचं जर्मन ‘मिअर गेफेल्ट दास बूख’. इंग्रजीवरून शिकवलं तर मुलं ‘मी आवडतो’ अशा घाटाचं ‘इश गेफाले’ लिहून बसतात आणि महिनाभर तिथेच अडखळतात. मराठीवरून शिकवलं तर ‘मिअर’ म्हणजे ‘मला’, संपलं. ‘मला थंडी वाजते’, ‘मिअर इस्ट काल्ट’, घाट तोच. मात्र लिंगांच्या बाबतीत मराठी फसवते. तीन लिंगं दोन्हीकडे आहेत, म्हणून मुलं बिनधास्त होतात, आणि आपलं नपुंसकलिंगी टेबल तिकडे पुल्लिंगी निघतं. समोर बसलेला मुलगा कोणत्या भाषेतून विचार करतो हे ओळखून तास बांधणं एकेकाला शिकवताना जमतं. १८ जणांच्या बॅचमध्ये, ठरलेली पानं ठरलेल्या तारखेला संपवायची असताना, जमत नाही. यात संस्थेतल्या शिक्षिकेचा दोष नाही.

बी२ वाल्यांनी बी१ शिकवण्याबद्दल : मूळ लेखाचा तिसरा परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही. तिथे स्पष्ट लिहिलं आहे की जी पातळी शिकवायची तिच्या निदान दोन पायऱ्या वर शिक्षक हवा. बी१ शिकवायचं तर सी१. आणि नुसती भाषेची परीक्षा पुरत नाही. ग्योथे इन्स्टिट्यूटचा ‘डॉयच लेरेन लेर्नेन’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम करावा. त्यात स्वतःच्या वर्गातला एक प्रश्न निवडून छोटी पाहणी करावी लागते, आणि आपल्या शिकवण्यात कुठे पाणी मुरतंय ते तिथे कळतं.

मिळकतीचा भरवसा नसतो हे मी दडवलेलं नाही. ६ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नका, असं लिहिलं होतं. ते पुरेसं नाही असं तुमचं म्हणणं असेल तर असो. भरवसा नियमांनी वाढवता येतो. १० तासांचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि ते ८ आठवड्यांत संपवायचे. मुदत नसली की तेच १० तास सहा महिने रेंगाळतात. रद्द करायचं तर २४ तास आधी सांगायचं, नाहीतर तास धरला जाईल. कंपनीचं काम घेत असाल तर त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, करून ठेवा. सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, हा कायदा आहे. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की आठवण करून देणं सोपं जातं.

मोबाइल ॲपबद्दल एकच सांगते. बी१ ची तोंडी परीक्षा सहसा जोडीने होते : दोघांनी मिळून एखादा बेत आखायचा, मग आपापला विषय मांडायचा, मग एकमेकांना प्रश्न विचारायचे. त्यासाठी समोर माणूस लागतो. (एकेकाला शिकवणाऱ्या शिक्षकांचीही इथे चूक होते. शेवटचे ४ तास दोन विद्यार्थी एकत्र बसवा, नाहीतर परीक्षेत मुलगा जोडीदाराचं न ऐकता पाठ केलेलं बोलत सुटतो.)

करिअर हा शब्द मी का वापरला, तेही सांगते. जर्मनीत काम करू इच्छिणाऱ्या परिचारिकांना साधारणपणे बी२ लागतं. डॉक्टरांना वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा असते, २० मिनिटांचे ३ भाग : रुग्णाशी बोलणं, त्याची लेखी नोंद करणं, आणि तो रुग्ण दुसऱ्या डॉक्टरला समजावून सांगणं. मधल्या २० मिनिटांच्या लेखनातच पुष्कळ जण अडकतात, कारण रुग्ण बोलताना टिपणं कशी घ्यायची हे कुणी शिकवलेलं नसतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, परिचारिका यांची भाषेची गरज समोरच आहे. ए१ च्या बॅचेस घेणाऱ्या शिक्षिकेने दोन-तीन वर्षं घालवून यातलं एक क्षेत्र पक्कं केलं, त्यातले शब्द, अर्ज, संवाद जमवले, की तिची फी वाढते आणि वाढायलाच हवी.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण ‘ताई’ आणि ‘शोभत नाही’ बाजूला ठेवून. तुमच्याकडच्या शिक्षिकांना घरी नेलेल्या पेपरांच्या तपासणीचे तासाला किती रुपये मिळतात, तेवढा एक आकडा द्या.