सोडा-व्हिनेगर, ॲसिड आणि मोरीचा वास : एका प्रतिक्रियेला उत्तर

सिंकच्या दुर्गंधीवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक लिहिले, याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : सोडा-व्हिनेगरला मी निरुपयोगी ठरवले, पण आपल्या घरी वर्षानुवर्षे त्यानेच वास जातो, त्यानेही न भागल्यास हार्डवेअरच्या दुकानातले ॲसिड हाच खात्रीचा उपाय आहे, मी सांगितलेली ट्रॅपची (पाणी साचवून गटाराचा वास अडवणाऱ्या वळणदार पाइपाची) दुरुस्ती भाड्याच्या घरात शक्य नाही, आणि ‘उकळते पाणी ओता’ हा माझा सल्ला चुकीचा आहे. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तेथे आपण बरोबर आहात. आपल्याकडे सिंकखालचे पाइप बहुतेक पीव्हीसीचे असतात आणि साधारण ७५ ते ८० अंशांपुढे ते नरम पडू लागतात. त्यामुळे चुलीवरून उतरवलेले आधण थेट ओतणे योग्य नाही. आंघोळीच्या पाण्यापेक्षा बरेच अधिक कढत, म्हणजे ६० अंशांच्या आसपासचे पाणी पुरते. मूळ लेखात तशी दुरुस्ती करीत आहे.

आता सोडा आणि व्हिनेगर. आपला अनुभव मी खोटा मानत नाही. त्याचे कारण मात्र फेसात नाही, असे माझे म्हणणे आहे. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते. वाटीभर, म्हणजे १५० मिलिलिटर व्हिनेगरमधले सगळे आम्ल खर्ची पडायला दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा पुरेसा होतो. फसफसून जातो तो कार्बन डायऑक्साइड, आणि मागे राहते सोडियम ॲसिटेटचे सौम्य पाणी व आपण टाकलेल्या वाटीतला उरलेला सोडा. एकटा सोडा खरकट्याच्या आंबूस वासावर काही काम करतो, एकटे व्हिनेगर मासळीच्या वासावर करते (मासळीला लिंबू चोळतात ते उगाच नव्हे); पण दोघांना एकत्र आणले की ते आधी एकमेकांनाच संपवतात.

तरीही वास जातो, आणि त्याचे उत्तर आपण स्वतःच लिहिले आहे : ‘पंधरा मिनिटांनी वरून दोन तांबे गरम पाणी ओतते.’ माझ्या मते काम करतात ते हे दोन तांबे. सिंकखालच्या वळणदार पाइपात किंवा न्हाणीघराच्या जाळीखाली साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी सदैव साचून राहावे, अशी रचना असते. प्लंबर त्याला वॉटर सील म्हणतात. मी त्याला पाण्याचे बूच म्हणेन. गटारातला वायू आणि आपले घर यांच्यामध्ये एवढाच अडसर असतो. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने अशा वळणाचे पेटंट घेतले, आणि आजही त्याहून सोपे काही सापडलेले नाही. पण उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवस गावी गेल्यावर किंवा पाहुण्यांचे न्हाणीघर वापरात नसले की हे पाणी सुकते. मग सोडा ओता, लिंबू पिळा किंवा मंत्र म्हणा, मागून पाणी ओतल्यावर बूच पुन्हा भरते आणि श्रेय मात्र सोड्याला मिळते. पुढच्या वेळी नुसते पाणी ओतून पाहावे, ही विनंती. वास तेवढ्यानेच गेला, तर सोड्याचा खर्च वाचेल. न गेल्यास माझे म्हणणे आपल्या घरापुरते चुकले, असे मी मान्य करीन.

तसे झाल्यास वास बुचाच्या अलीकडचा, म्हणजे आपल्याच घरचा असतो. सिंकच्या जाळीखाली आणि वॉश बेसिनच्या कडेला असलेल्या ओव्हरफ्लोच्या छिद्रात तेल, पेज, साबण आणि चहाचा चोथा यांचा बुळबुळीत थर जमतो. त्याच्या आतल्या, हवा न पोहोचणाऱ्या भागातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. हा थर ओतण्याने नव्हे, तर घासण्याने निघतो. त्यासाठी बाटली धुण्याचा लांब ब्रश, भांड्यांचा साबण आणि कढत पाण्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा वापरावा. खाण्याच्या सोड्यापेक्षा तो बराच अधिक क्षारीय असल्याने तेलकटपणा सोडवतो. हात मात्र जपावेत.

ॲसिडविषयी माझे मत अधिक कडक आहे. सल्फाइड क्षारीय पाण्यात विरघळून राहते आणि आम्ल पडताच वायू होऊन वर येते. म्हणून ॲसिड ओतल्यावर प्रथम वास भडकतो. ‘आतली घाण सुटते आहे’ असे आपण त्याला म्हटले आहे, पण तेथे सुटतो तो विषारी वायू. शिवाय आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी आणि ओट्याचा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ॲसिडने ते झिजतात, सांध्यातले सिमेंट पोखरते आणि मग पाणी खालच्या घराच्या छतात उतरते. त्यातही ॲसिडनंतर त्याच मोरीत ब्लीच ओतले, तर क्लोरीन निर्माण होतो. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकते.

भाड्याच्या घराबद्दल मी पुरेसा विचार केला नव्हता, हे खरे. अनेक घरांत सिंकखाली ट्रॅपच नसतो. पन्हळी प्लास्टिकचा पाइप जमिनीतल्या भोकात नुसता खोचलेला असतो आणि भोवतालच्या फटीतून वास व झुरळे दोन्ही येतात. ती फट रबरी बुचाने किंवा एम-सीलने बंद करावी. त्याच पाइपाला खाली झोळ देऊन दोरीने असा बांधावा की झोळात दोन-अडीच इंच पाणी साचून राहील. पन्हळीत खरकटे अडकते, म्हणून तो मधूनमधून काढून धुवावा लागेल, पण फोडाफोड लागत नाही. न्हाणीघरातली जाळी उचलून पाण्याचे बूच धरून ठेवणारी खालची उपडी वाटी जागेवर आहे का, तेही पाहावे. पाणी लवकर जावे म्हणून ती काढून फेकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि एकेकाळी त्यांत मीही होतो.

एका प्रकारात मात्र घरात काहीही केले तरी उपयोग होत नाही. आमच्या इमारतीत गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यानंतर वरच्या दोन मजल्यांवर रोज सकाळी वास येऊ लागला. कोणी बादली ओतली की आमच्या न्हाणीघरात गुडगुड आवाज होई. कामगारांनी गच्चीवरचा व्हेंट पाइप (सांडपाण्याच्या उभ्या पाइपात बाहेरची हवा येऊ देणारे तोंड) कापून त्यावर टोपण बसवले होते. त्यामुळे उभ्या पाइपातून पाणी वेगाने उतरताना हवा आमच्या ट्रॅपमधून ओढली जाई आणि बुचाचे पाणीही तिच्याबरोबर जाई. दोन महिने आम्ही घासत होतो. टोपण काढल्यावर पाणी पुन्हा ठरले. आपल्याकडेही असा आवाज येत असेल, तर सोसायटीच्या सचिवांना घेऊन आधी गच्चीवर जावे.

शेवटी आपण विचारलेल्या डांबरगोळ्यांविषयी : त्या वास झाकतात, थांबवत नाहीत, आणि रांगते मूल असलेल्या घरात जाळीवर ठेवलेली गोळी तोंडात जाण्याची भीती असते. आपल्या नातवाचा उल्लेख वाचला, म्हणून त्या आजच उचलाव्यात.