‘वय अधिक 100’चा हिशेब

माझ्या मामांनी परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘वाच आणि मग बोल.’ आठवडाभरात तोच मजकूर आणखी तिघांकडून आला. थोडक्यात तो असा: वयात 100 मिळवले की तुमचं नॉर्मल बीपी निघतं, म्हणजे 72 वर्षांच्या माणसाला 172 चालतं. औषध कंपन्यांनी हद्द 160 वरून 140 वर आणि मग 130 वर आणून धडधाकट माणसांना पेशंट केलं. डोकं दुखत नाही, गरगरत नाही, तर बीपी नाहीच. गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही आणि किडनीची वाट लागते. आणि घरचं मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, यावरूनच काय ते ओळखा.

मामा 72 वर्षांचे आहेत आणि त्यांचं बीपी 150 च्या घरात असतं. म्हणजे या सूत्राने ते पास होऊन वर 20 मार्क उरतात.

हे सूत्र कुणा फॉरवर्डवाल्याच्या डोक्यातून निघालेलं नाही, हे आधी मान्य करतो. एके काळी डॉक्टरच ते सांगायचे. वयाबरोबर रक्तवाहिन्या कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला जोर जास्त लागणारच, तेव्हा वाढलेलं बीपी ही शरीराची गरजच असावी, असा तो समज होता. ‘जॉन हे’ नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी 1931 साली लिहून ठेवलंय की बीपी वाढलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका ते सापडण्याचाच, कारण मग कुणीतरी मूर्ख ते उतरवायला निघतो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना मार्च 1944 मध्ये हृदयरोगतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा बीपी 186/108 होतं. त्यांचे खासगी डॉक्टर मात्र बाहेर सांगत राहिले की वयाच्या मानाने प्रकृती उत्तम आहे. 12 एप्रिल 1945 ला डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय म्हणत ते कोसळले. बीपी 300/190 च्या वर गेलं होतं. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच दिवशी ते गेले, 63 व्या वर्षी.

त्या काळी हाताशी धड औषधही नव्हतं, त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरांना फार बोल लावता येत नाही. पण नंतर या समजाची थेट परीक्षा झाली. 1991 साली अमेरिकेतल्या शेप नावाच्या चाचणीचे निकाल आले. साठीच्या पुढची 4,736 माणसं, सगळ्यांचं वरचं बीपी 160 किंवा जास्त आणि खालचं 90 च्या आत. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन या बीपीच्या गोळीपासून सुरुवात करून औषध दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला गोळी. पाच वर्षांत दिखाऊ गोळीवाल्यांपैकी दर 100 मागे साधारण 8 जणांना पक्षाघात झाला, औषधवाल्यांत 5 जणांना. ‘वाढलेलं बीपी म्हाताऱ्यांना लागतंच’ हे खरं असतं तर निकाल उलटा लागायला हवा होता. पुढे 2008 मध्ये हायवेट चाचणीत थेट ऐंशीच्या पुढचे लोक घेतले. त्यांच्यातही औषधाने पक्षाघात कमी झाले आणि एकूण मृत्यू 21 टक्क्यांनी घटले.

शिवाय वयाबरोबर बीपी चढलंच पाहिजे असा निसर्गाचा नियमही नाही. ॲमेझॉनच्या जंगलात राहणारे यानोमामी लोक जवळजवळ मीठच खात नाहीत, आणि त्यांच्या म्हाताऱ्यांचं बीपीही तरुणांइतकंच राहतं. सगळीकडे दिसतं ते चांगलंच असतं असं थोडंच आहे? मोतीबिंदूही म्हातारपणी सर्रास होतो. तो कुणी ‘वयाला शोभेलसा’ म्हणून ठेवून घेत नाही.

हद्द खाली आणल्याच्या आरोपात निम्मं तथ्य आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी ती 130/80 वर आणली आणि तिथल्या प्रौढांमधलं बीपीवाल्यांचं प्रमाण एका रात्रीत सुमारे 32 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर गेलं. हे वाचून मलाही शंका आली होती. पण त्याच नियमांनुसार गोळी लागणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम 2 टक्क्यांनी वाढलं, कारण 130 ते 139 मधल्या बहुतेकांना आधी वजन, मीठ, चालणं एवढंच सांगितलंय. युरोपातल्या तज्ज्ञांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेने उच्च रक्तदाबाची हद्द 140/90 च ठेवली. ज्या स्प्रिंट चाचणीमुळे आकडे खाली सरकले तिला पैसा अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेचा होता, आणि बीपी फार खाली आणल्यावर चक्कर, किडनीवर ताण असे त्रासही वाढतात, हे तिनेच नोंदवलंय. 130 वर वाद घालायचा तर जरूर घाला. त्या वादात 172 ला मोकळीक मात्र मिळत नाही.

‘त्रास होत नाही म्हणजे बीपी नाही’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. बीपी हे दुखणं नाही, तो आकडा आहे. 160 असताना बहुतेकांना काहीही जाणवत नाही, आणि ज्यांचं डोकं दुखतं त्यांतल्या बहुतेकांचं बीपी ठीक असतं. दरम्यान हृदयाची भिंत जाड होत जाते, लघवीतून प्रथिन जायला लागतं, डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. यातलं काहीच दुखत नाही. छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही झालं तर आकडा बघत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. आणि नुसता आकडा 180/120 च्या वर दिसला म्हणून कुणाच्या सांगण्यावरून जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडू नका. बीपी एकदम कोसळून त्यानेच पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. शांत बसून पुन्हा मोजा, तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गोळी ‘चिकटते’ म्हणजे काय? छत्री मिटली की भिजतो, म्हणून छत्रीची सवय लागली असं कुणी म्हणत नाही. वजन उतरवून आणि मीठ कमी करून काहींची गोळी कमी होते, क्वचित सुटतेही. फक्त मनाने एकदम थांबवू नये, काही औषधांनी बीपी उसळून वर येतं. किडनीचं म्हणाल तर ती निकामी होण्याच्या मोठ्या कारणांत खुद्द बीपीच बसतं. रामिप्रिलसारख्या गोळ्यांनी सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढतं, म्हणून एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. रोजच्या रोज दुखण्यावरच्या गोळ्या खाणारे मात्र बीपीही चढवतात आणि किडनीलाही त्रास देतात. त्यावर कुणी फॉरवर्ड काढत नाही.

राहिलं मशीन. मामांना म्हटलं, ‘मामा, माझ्यासमोर मोजा बघू.’ मामा पलंगाच्या कडेला पायावर पाय टाकून बसले, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, हात खाली लोंबता आणि तोंडाने मला मशीन कसं खोटं बोलतं ते सांगणं चालू. 168. लगेच पुन्हा: 157. ‘बघ!’ मामा म्हणाले. मग त्यांना लघवीला जाऊन यायला सांगितलं, पाठ टेकवून खुर्चीत बसवलं, पावलं जमिनीवर, उघड्या दंडाला पट्टा, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि पाच मिनिटं अवाक्षर काढायचं नाही. शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. 151. मिनिटभराने 149. मशीन खरंच बोलत होतं. घरी मोजताना सरासरी 135/85 किंवा वर आली तर ती वाढलेलीच धरतात.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहून मामा डॉक्टरांकडे गेले आणि गोळी घेऊन आले. आता त्यांचा प्रश्न वेगळाच आहे: गोळी सकाळी घ्यायची की रात्री? रात्रीची जास्त चांगली, असा आणखी एक फॉरवर्ड त्यांना आलाय. ब्रिटनमध्ये 21,000 हून जास्त लोकांवर हे तपासून झालंय, निकाल 2022 मध्ये आला, फरक काही पडत नाही. मामांच्या गोळीने लघवी जास्त होते, त्यामुळे त्यांनी सकाळच धरलीय.