दोष देवनागरी नावाचा नव्हे

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक सूचनावजा संदेश फिरतो आहे. ईमेलला इंग्रजीच कळत असल्यामुळे शोधाच्या यादीत पाठवणाऱ्यांची मराठी नावे तुटकी दिसतात, म्हणून सभासदांनी आपले नाव रोमन लिपीत करावे. तसे केल्यास जुन्या पत्रांतही ते सुधारेल, आणि नाव नीट दिसले की ईमेल खरा समजावा, असे त्यात म्हटले आहे. यांतील एकही विधान टिकणारे नाही.

ईमेलला इंग्रजीच कळते, हे 1992 पूर्वी बऱ्याच अंशी खरे होते. त्या वर्षी आलेल्या आरएफसी 1342 या इंटरनेटच्या तांत्रिक मानकाने इतर लिप्यांतील नावे सांकेतिक रूपात पाठवण्याची रीत ठरवून दिली, 1996 च्या आरएफसी 2047 ने ती सुधारून मांडली, आणि 2012 च्या आरएफसी 6532 ने तर नावे थेट यूटीएफ-8 या सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीत लिहिण्याचीही सोय केली. नाव तुटते ते वाचताना. जुन्या रीतीत एका सांकेतिक तुकड्याला 75 वर्णांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, शिवाय सांकेतिक रूपात ते आणखी लांबते, त्यामुळे ‘अनघा वामन कऱ्हाडे’ हे (काल्पनिक) नाव एका तुकड्यात मावत नाही आणि शेवटची मात्रा एकटीच पुढच्या तुकड्यात जाऊ शकते. दोन तुकड्यांमधली मोकळी जागा दाखवताना गाळावी, असे मानकात स्पष्ट सांगितले आहे. ती न गाळणारा प्रोग्रॅम मात्रा बाजूला लटकवतो आणि खापर मात्र अनघाताईंच्या मराठीवर फुटते.

‘ऱ्ह’ची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. काही कळफलक त्यासाठी स्वतंत्र ‘ऱ’ वापरतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असले तरी संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे असतात, म्हणून शोधयंत्रणेने दोन्ही रूपे एकच मानली नाहीत तर ‘कऱ्हाडे’ शोधूनही कऱ्हाड्यांचे पत्र हाती लागत नाही. हे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे आहे. सभासदाने आपले आडनाव बदलून ते उरकू नये.

सेटिंगमध्ये नाव बदलल्याने जुनी पत्रे बदलत नाहीत, कारण पाठवतेवेळचे नाव प्रत्येक पत्राच्या शीर्षभागात कायम राहते. आपल्या संपर्कयादीतले नाव त्याजागी दाखवणारे प्रोग्रॅम आहेत, पण तो बदल फक्त आपल्याच पडद्यावर दिसतो.

नाव नीट दिसले की ईमेल खरा, हा तिसरा दावा सर्वांत घातक आहे. दिसणारे नाव पाठवणारा स्वतःच्या मर्जीने लिहितो. डीमार्कसारखी, बनावट ईमेल ओळखण्यासाठीची पडताळणी पत्त्यातील डोमेन, म्हणजे @ नंतरचा भाग, तपासते, नाव तपासत नाही. त्यामुळे कोणीही स्वतःला ‘सचिव’ म्हणवून देखभाल शुल्क दुसऱ्याच खात्यात भरायला सांगू शकतो. सुधारणा करायचीच असेल तर शोधाच्या यादीत पूर्ण नावाखाली पूर्ण पत्ता दिसावा, आणि जागा कमी पडली तर ‘सचिव’ हा शब्द कापावा, पण डोमेन कापू नये.