चित्रातली चिमटी आणि वेदनेचा अर्थ

मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलो यांची चित्रे म्हणजे 1925 मधील बस अपघाताने दिलेल्या शारीरिक यातनांची नोंद होय, हे त्यांच्यावरील एका लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. ‘तुटलेला स्तंभ’ या 1944 च्या चित्रापुरते ते पटते, कारण तिथे पाठकण्याच्या जागी भंगलेला स्तंभ आहे आणि सर्वांगात खिळे रुतले आहेत. ‘दोन फ्रीडा’ मात्र 1939 चे, म्हणजे पती, चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्याशी घटस्फोट झाला त्या वर्षीचे चित्र आहे, आणि त्यातली जखम निराळी आहे. एक फ्रीडा युरोपीय धाटणीच्या पांढऱ्या झालरदार पोशाखात, तर दुसरी मेक्सिकोतील तेहुआना स्त्रियांच्या वेशात बसली आहे. दोघींची उघडी हृदये एकाच रक्तवाहिनीने जोडलेली आहेत आणि त्या वाहिनीचे एक टोक दुसरीच्या हातातल्या, दिएगोंच्या बालपणीच्या इवल्याशा तसबिरीपाशी पोहोचते. फ्रीडांचे वडील जर्मनीत जन्मलेले, आई मेक्सिकन. ही दुभंगलेली ओळख त्या दोन पोशाखांत उतरली आहे.

पांढऱ्या वेशातली फ्रीडा शस्त्रक्रियेच्या चिमटीने रक्त थांबवू पाहते, तरी ते घागऱ्यावर ठिबकते. तिथे काठावर लाल फुलेही आहेत, आणि थेंब कोणता व फूल कोणते हे ओळखण्यासाठी (मी छापील प्रतीतही हे अनुभवले आहे) डोळे अगदी जवळ न्यावे लागतात. एवढे सगळे घडत असताना दोघींनी एकमेकींचा हात मात्र घट्ट धरून ठेवला आहे, आणि त्या लेखात त्याचा उल्लेखही नसावा याची मला मनापासून खंत वाटते.