नव्या सिस्टरला ड्युटी लिस्टमध्ये धरू नका

कॅज्युअल्टीच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या, ड्युटी लिस्टमध्ये नव्या मुलीचं नाव दुसऱ्याच आठवड्यात नाईटला लागलेलं दिसलं, की तिचं ओरिएंटेशन कसं झालं असेल ते वेगळं विचारावं लागत नाही. पहिला दिवस एचआरमध्ये गेलेला असतो. कागदपत्रं, फोटो, बँक खातं, आग लागली तर कोणत्या जिन्याने उतरायचं त्याचा व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी हात धुण्याच्या पायऱ्या आणि कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्या. तिसऱ्या दिवशी युनिफॉर्म हातात, आणि "जा, कॅज्युअल्टीत इन्चार्ज सिस्टरना भेट." इंडक्शनच्या फॉर्मवर प्रत्येक ओळीसमोर टिक, खाली तिची सही. हॉस्पिटलांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या एनएबीएचचं इन्स्पेक्शन आलं की ती फाइल टेबलावर ठेवायला एकदम तयार.

हे मी इन्चार्ज म्हणून लिहितेय, म्हणजे ती लिस्ट बनवणाऱ्या बाजूने. आधी सरकारी, मग खासगी, अशी नोकरीची बरीच वर्षं कॅज्युअल्टीतच गेली. माझं म्हणणं असं की ओरिएंटेशन आणि स्टाफिंग हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे. नवी मुलगी जोपर्यंत लिस्टमध्ये एक माणूस म्हणून मोजली जाते, तोपर्यंत तिला कोणीही काहीही शिकवू शकत नाही. कितीही छान मॅन्युअल छापा.

वॉर्डात काम केलेल्यांना यातलं गणित चटकन लक्षात येत नाही, म्हणून एक साधी नाईट घेऊ. लिस्टवर तीन सिस्टर. साडेअकराला हेड इंज्युरी येते, डॉक्टर सीटी सांगतात. पेशंट अस्थिर, म्हणजे सोबत एक सिस्टर गेलीच पाहिजे, मॉनिटर आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) घेऊन. उरल्या दोन. आतल्या बेडवर संध्याकाळपासून व्हेंटिलेटरवरचा पेशंट पडून आहे, कारण वर आयसीयूत बेड रिकामा नाही. तो कागदावर आयसीयूचा, प्रत्यक्षात आमचा. त्याच्याजवळ एक जण. उरली एक. दारात छातीत दुखणारा माणूस, तापाने फणफणलेलं लेकरू आणि मारामारीतले दोघं, मागे त्यांची वीस माणसं. आता सांगा, ती उरलेली एक कोण असते? जिला सीटीला एकटीने पाठवता येत नाही आणि व्हेंटिलेटर देता येत नाही ती. सगळ्यात नवी. लिस्ट म्हणते तीन जणी होत्या. त्या वीस मिनिटांत कॅज्युअल्टी चालवली ती एकाच मुलीने, आणि तिला ईसीजीचा पेपर रोल कुठे असतो हेही माहीत नव्हतं. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांत व्हायला हवा, हे तिने परीक्षेत लिहिलेलं असतं. मशीनची चौथी लीड सुटी होते, ती चिकटपट्टीने दाबून धरावी लागते, हे कोणत्या पुस्तकात असणार?

इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. टीचिंग हॉस्पिटलच्या वॉर्डात तीन पेशंटमागे एक, साध्या हॉस्पिटलात पाचामागे एक, व्हेंटिलेटरवर एकास एक, आणि वर रजेसाठी ३० टक्के राखीव. ते ३० टक्के कोणी डोळ्यांनी पाहिले असतील तर मला टॅग करा. पण कॅज्युअल्टीला खाटांचं गणित तसंही लागू पडत नाही. वॉर्डात तीस खाटा म्हणजे तीस, फार तर खाली चार गाद्या. कॅज्युअल्टीला बेड मोजता येतात, दार मोजता येत नाही. २०१४ मध्ये १०८ नंबरची अ‍ॅम्ब्युलन्स सुरू झाली, राज्यभर ९३७ गाड्या धावू लागल्या, आणि चांगलंच झालं, कितीतरी माणसं वाचली. पूर्वी जी माणसं रस्त्यातच जायची ती आता आमच्यापर्यंत जिवंत पोचतात. पण गाड्या वाढल्या त्या हिशेबात गाडीतून उतरवून घेणारे हात कुठे वाढले?

कॅलिफोर्नियाचं उदाहरण मी मुद्दाम देते. "तिकडचं इकडे नको" म्हणणारे येतीलच, तरी देते. तिथे २००४ पासून संख्येचं बंधन आहे. इमर्जन्सीत एका नर्सकडे चारपेक्षा जास्त पेशंट नाहीत, गंभीर असतील तर दोन, ट्रॉमाचा असेल तर एक. ट्रायाजला, म्हणजे आधी कोणाला बघायचं ते ठरवायला, बसलेली नर्स या हिशेबात धरायचीच नाही. सगळे एवढं सांगून थांबतात. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच कायद्यातलं दुसरं कलम. त्या विभागाचं पुरेसं ओरिएंटेशन झालं नसेल, तर त्या नर्सला तिथे ड्युटी लावताच येणार नाही. संख्या आणि शिकवणं एकाच कायद्यात, शेजारी शेजारी. तिथल्या परिचारिका संघटना त्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, फुकट नाही मिळालं. आणि २००२ मध्ये लिंडा एकेन यांचा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास आला होता, ऑपरेशनच्या पेशंटवरचा. नर्सकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्याकडे एक नाही, दहा-दहा वाढलेले असतात.

बरं, शिकवायचं म्हणजे नेमकं काय? अमेरिकन स्लाइड्स दाखवून आपल्या कॅज्युअल्टीचं काम भागत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या हॉस्पिटलात नव्या मुलीने पहिल्या आठवड्यात शिकायला हवं ते कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटचं काम. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कपड्यांना तो वास. आधी आपले ग्लोव्ह्ज, मग त्याचे कपडे काढायचे, कारण विष कातडीतूनही जातं. मग अ‍ॅट्रोपिन, या विषावरचं औषध. आपल्याकडची अ‍ॅम्प्युल ०.६ मिलिग्रॅमची. छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचा, म्हणजे तीन अ‍ॅम्प्युल, मग सहा, मग बारा, मग चोवीस. पाव तासात पंचेचाळीस काचा फोडायच्या, बोटं न कापता, हिशेब न चुकता, आणि मागे त्याची आई छाती बडवतेय. सोबत एक जण अ‍ॅम्प्युल मोजून वेळ लिहिणारी नसेल तर हे होत नाही. लिहिणारी कोण, तर जी लिस्टमध्ये धरलेली नाही ती नवी मुलगी! पहिल्या वेळी तिने फक्त लिहावं, दुसऱ्या वेळी भरून द्यावं, तिसऱ्या वेळी तिने करावं आणि सीनियरने लिहावं. एवढंच ओरिएंटेशन.

पावसाळ्यात पहाटे पहाटे कोणी पोटात दुखतंय म्हणून येतो. जमिनीवर झोपलेला होता, चावल्याची खूण नाही, सूज नाही. पापण्या जड झालेल्या, नातेवाईक म्हणतात रात्री झोप झाली नाही म्हणून. नवी मुलगी त्याला अ‍ॅसिडिटीच्या इंजेक्शनच्या रांगेत बसवते. तो मण्यार सापाचा दंश असू शकतो, हे तिला कोणीतरी आधी सांगितलेलं असायला हवं, आणि सांगणाऱ्याने असा पेशंट पाहिलेला असायला हवा. कोकणात विंचवाचं तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले ते आपण भाषणात सांगतो, पण विंचू चावलेल्या पोराचे हातपाय गार पडले, घाम सुटला की आधी काय बघायचं हे नव्या सिस्टरला कळलेलं असतं का? 'हृदयविकाराचा झटका, पहिली दहा मिनिटं' या स्लाइडवर बहुधा न्यूयॉर्कच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा फोटो असतो.

मग एमएलसी, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या केसेस. पोलिसांना कळवायचं कधी, पोट धुतल्यावरचा नमुना सील कोण करणार, रक्ताचे कपडे नातेवाइकांच्या हातात द्यायचे नाहीत, रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही. दीड-दोन वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं तेव्हा यातलं एकेक अक्षर महाग पडतं. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली ऑर्डर मोठ्याने परत म्हणायची आणि मगच सिरिंज भरायची, यात लाजायचं नाही. पोटॅशियम क्लोराइड आणि सलाइनच्या अ‍ॅम्प्युल एका खणात दिसल्या तर तिथल्या तिथे वेगळ्या करायच्या. क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषध-साहित्याची गाडी) आणि डिफिब (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) ड्युटीवर आल्या आल्या तपासायचं, आधीच्या शिफ्टने टिक केलंय म्हणून सोडायचं नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी वॉर्डबॉय मामांच्या खिशात असते, म्हणून मामांचं नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं. मावशींचंही. हे सगळं शेजारी उभं राहूनच शिकवता येतं, आणि त्याला वेळ लागतो.

आता आमच्याच पिढीकडे वळते, राग आला तरी चालेल. "आम्हाला कोणी शिकवलं होतं? ढकललं, शिकलो." हे वाक्य मी मेट्रनच्या केबिनमध्ये ऐकलंय, कॅन्टीनमध्ये ऐकलंय. अहो, गावाकडे पोराला विहिरीत ढकलतात तेव्हाही पाठीला सुका भोपळा बांधतात आणि काका आधीच पाण्यात उतरलेला असतो. आणि आपण शिकलो तेव्हा कोणावर शिकलो, ते कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. शिवाय तेव्हा कॅज्युअल्टीत चार जुन्या सिस्टर असायच्या, पंधरा-पंधरा वर्षं तिथेच मुरलेल्या. आज ज्या मुलीला नव्या मुलीला शिकवायला सांगतो, तिचं स्वतःचं वर्ष झालेलं नसतं. तिच्याकडचे पेशंट कमी करत नाही, तिला एक पैसा जास्त देत नाही, वर म्हणतो, "हिला जरा सांभाळून घे गं."

मॅनेजमेंटचं उत्तर ठरलेलं आहे. तीन महिने शिकवायचं, पगार द्यायचा, आणि सहाव्या महिन्यात ती जर्मनीची भाषा शिकायला किंवा आखाताच्या इंटरव्ह्यूला जाणार. खरं आहे, जातात. पण का जातात ते विचारा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितलं होतं की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना २०,००० च्या खाली देऊ नका, आणि २०० च्या वरच्या हॉस्पिटलांनी सरकारी पगाराइतका द्या. आज किती ठिकाणी मिळतो, ते ही पोस्ट वाचणाऱ्या मुलींना ठाऊक आहे. काही ठिकाणी तर मूळ सर्टिफिकेट कपाटात अडकवून ठेवतात. त्याला ते बॉण्ड म्हणतात. आणि पगार कमी असूनही टिकलेल्या मुली मी पाहिल्यात. पहिल्या वाईट रात्रीनंतर सकाळी कोणीतरी त्यांना बाजूला बसवून, चहा देऊन, काय झालं ते नीट उलगडून सांगितलं होतं. ज्यांना त्याच सकाळी मेमो मिळाला, त्या गेल्या.

सरकारी बाजूचं दुखणं वेगळं. तिथे पगार बरा, पण माणूस एका जागी राहत नाही. कॅज्युअल्टीत हात बसला की रोटेशन, मग डोळ्यांचा वॉर्ड. आपत्कालीन नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. तो करून आलेली माझ्या ओळखीतली एक जण प्रसूती वॉर्डात आहे, आनंदात आहे, पण कॅज्युअल्टीला तिचा काय उपयोग? रिकाम्या जागांवर अकरा महिन्यांच्या करारातल्या मुली. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या तेव्हा बाहेरच्या कंपनीमार्फत भरतीला विरोध हा मुख्य मुद्दा होता. तेव्हा लोकांना वाटलं, हा नोकरीचा प्रश्न. पण कंपनीने पाठवलेल्या मुलीला शिकवायचं कोणी? कंपनी म्हणणार हॉस्पिटलने, हॉस्पिटल म्हणणार तयार माणूस मागवलाय.

आणि काही बिघडलं की पहिलं नाव कोणाचं? नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी ११ रुग्ण गेले. नंतर अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. तिथे कोण किती दोषी हे ठरवणारी मी कोणी नाही. पण त्या बातमीनंतर आमच्याकडच्या नव्या मुलींचे चेहरे मला आठवतात. विभागात त्या वेळी किती जणी असायला हव्या होत्या हा प्रश्न कोणीच विचारत नाही, होत्या कोण तेवढं बघतात. मारहाणीविरुद्ध २०१० चा कायदा आहे आपल्याकडे, त्याचा बोर्डही दारात आहे. वीस माणसांसमोर एकटी उभी असलेली मुलगी तो बोर्ड वाचून दाखवणार आहे का?

माझ्यापुरतं मी ठरवलंय. कॅज्युअल्टीत आलेली नवी मुलगी किमान आठ आठवडे लिस्टच्या तळाला वेगळ्या रकान्यात, शिफ्टच्या संख्येत नाही. वॉर्डातून अनुभव घेऊन आलेली असेल तर चार. तिची ड्युटी तिच्या सीनियरच्या ड्युटीला बांधलेली, ती मॉर्निंगला तर ही मॉर्निंगला, ती नाईटला तर ही नाईटला. त्या सीनियरकडे तेवढे दिवस एक पेशंट कमी. एकटी नाईट तेव्हाच, जेव्हा सीनियर लिहून देईल की हिच्या भरवशावर मी सीटीला जाऊ शकते. वरून फोन येतात, "दोघी दिसतायत तिथे, एक वर पाठवा." मी सांगते, दोघी नाहीत, एक आहे. कधी ऐकतात, कधी नाही. नाही ऐकलं तर वेळ आणि फोन करणाऱ्याचं हुद्द्यासकट नाव रिपोर्ट बुकात लिहिते. त्यानंतर फोन जरा कमी झालेत.

इंटरव्ह्यूला जाणाऱ्या मुलींनो, पगार विचाराच, त्यात संकोच नको. सोबत हेही विचारा की किती आठवडे मला संख्येत धरणार नाही, माझी सीनियर कोण, तिचा अनुभव किती, पहिली नाईट कधी. समोरचे गडबडले तर उत्तर मिळालंच समजा. तुमच्याकडे सध्या किती आठवडे मिळतात ते कमेंटमध्ये लिहा, सरकारी की खासगी तेवढं सांगा. हॉस्पिटलचं नाव लिहू नका, तुमची नोकरी टिकायला हवी आहे मला.