'सोपा मार्ग' म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार 'एक जुना वाचक',

किशोरांसाठीची ही भयकथा माझी पहिलीच छापलेली कादंबरी, ती येऊन दोन महिनेही झालेले नाहीत. तरी मला जुना वाचक मिळाला, हे भाग्यच म्हणायचं. तुमच्या प्रतिक्रियेखाली खरं नाव असतं तर जास्त बरं वाटलं असतं. असो.

तुमचे मुख्य मुद्दे चार. सातव्या प्रकरणात टॉर्चचे सेल संपतात आणि नवव्यात तोच टॉर्च पेटतो. अशी पुस्तकं वाचून मुलांची झोप उडते. शेवट घाईत गुंडाळलाय. आणि चौथा, जाता जाता सहज सुचल्यासारखा टाकलेला : 'मोठ्यांसाठी लिहायला जमलं नाही की लोक मुलांना घाबरवायचा सोपा मार्ग धरतात.'

टॉर्चचं तुमचं बरोबर आहे. चार खर्डे झाले, दोनदा प्रुफं तपासली, कुणाच्याच लक्षात आलं नाही. चूक माझी, आभार. म्हणजे मला टीका खपत नाही असं कुणी म्हणू नये.

आता ते वाक्य. तुम्ही 'तुम्हाला जमलं नाही' असं म्हणत नाही, 'लोक' म्हणता. बाण मलाच मारायचा आणि मी कळवळले की 'मी कुठं तुमचं नाव घेतलं?' म्हणायला मोकळं. हे मला अजिबात आवडलं नाही. एवढी वाईट वाटली कादंबरी तर तोंडावर सांगायचं होतं.

शिवाय 'घाबरवायचा' म्हणजे काय हो? दारामागून 'भो' करायचं आणि पोरगं दचकलं की हसायचं? ॲन रॅडक्लिफ या गूढ कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईंचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, 1826 साली छापला गेला. त्यात त्यांनी धास्ती आणि किळसवाणी भीती अशी सरळ फारकत केली आहे : पहिलीनं मन जागं होतं, विस्तारतं; दुसरीनं ते आक्रसतं, गोठतं. दोनशे वर्षं होत आली या गोष्टीला. तुम्ही अजून 'भो'पाशीच आहात.

सोपं म्हणता, तर ऐका. मोठ्या माणसाला घाबरवणं सोपं असतं, कारण त्याची निम्मी भीती तो घरूनच आणतो. त्याला दवाखान्याचा लांब कॉरिडॉर दाखवा, रात्री दोनला फोन वाजवा, उरलेलं तो स्वतः भरतो. तेरा वर्षांच्या वाचकाकडे हा साठा कमी आणि संयम त्याहून कमी. चौथ्या पानावर कंटाळला तर पुस्तक बंद. त्याला लेखिकेची भीड नसते.

त्यात घरातल्या मोठ्यांचं काय करायचं, हा प्रश्न. किशोरांच्या भयकथेत तोच सगळ्यात अवघड. मुलीला पोटमाळ्यावर कुणीतरी दिसतं, मग ती आईला का सांगत नाही? बरेच जण आईवडिलांना गावाला पाठवतात किंवा मोबाइलची रेंज घालवतात. मला ते नको होतं. या एका 'का'वर माझे तीन महिने गेले. मग सापडलं : मागे एकदा तिनं आईला एक छोटीशी भीती सांगितली होती आणि आईनं ती पाहुण्यांसमोर गंमत म्हणून सांगितली. बस. त्यानंतर ती मुलगी कुणालाच काही सांगत नाही. हे पान तुम्ही वाचलंत की टॉर्च शोधत होतात?

हे मला कुठून कळलं, तेही सांगते. मी तेरा वर्षांची असताना आजी घरातच गेली. आम्हा मुलांना शेजारी पाठवलं, परत आलो तर तिच्या खोलीचं दार बंद. ती 'बाहेरगावी' आहे असं आठ दिवस सांगत होते. त्या दारामागे मी काय काय रचलं असेल! खरं सांगितलं असतं तर मी रडले असते आणि झोपले असते. वहीच्या मागच्या पानांवर पहिली गोष्ट लिहिली ती तेव्हा. तेव्हा मुलांच्या झोपेची काळजी मला शिकवू नका.

पुढं अकरा वर्षं विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासली. तिथं शिकले की घाबरलेला माणूस 'मी फार घाबरलो' असं लिहीतच नाही. तो लिहितो, 'मागचं दार लावलं होतं का, ते आठवत नाही.' माझी शैली 'कोरडी' वाटते म्हणालात ना, ती तिथून आली आहे.

आणि हो, मोठ्यांसाठी लिहिलेली एक कादंबरी माझ्या कपाटात आहे. चार वर्षं लिहिली, आठ प्रकाशकांकडून परत आली. पण त्याचा इथं काही संबंध नाही. माझ्या चौदा वर्षांच्या भाचीनं ती न विचारता वाचली. तिला त्यातली फक्त एक मुलगी आवडली, जी पहिल्या प्रकरणानंतर येतच नाही. 'ती कुठं गेली?' एवढंच विचारलं. मी त्या मुलीच्या मागे गेले. याला तुम्ही जमलं नाही म्हणून पळ काढणं म्हणणार असाल, तर म्हणा.

मेरी शेलीनं 1816 च्या उन्हाळ्यात 'फ्रँकेन्स्टाइन' ही भयकादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती अठराची होती. तिची आई तिच्या जन्मानंतर काही दिवसांतच गेली होती आणि आदल्याच वर्षी स्वतःचं तान्हं मूलही गेलं होतं. 1818 मध्ये पुस्तक आलं, लेखिकेच्या नावाशिवाय. त्या वयाच्या मुलीला भीतीतलं काय कळतं, हे तिला तरी कुणी विचारायला जाऊ नये. (मी तिच्याशी बरोबरी करत नाहीये, हे सांगून ठेवते. नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावर यायची.)

तुम्ही स्वतः कधी दोनशे पानं लिहून बघितली आहेत का? हे विचारायला नको होतं, पण आता लिहून झालंय, राहू दे.

शेवट घाईत झाला की नाही, ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. भाचीचंही तुमच्यासारखंच काहीतरी म्हणणं होतं, पण तिचं वय लक्षात घ्यायला हवं.

टॉर्चचं प्रकाशकांना आजच कळवते.